पांढरा धूर

१

लाकूड जळू दिलं तर त्याची राख होते, आणि भरपूर तापवूनही जळू दिलं नाही तर कोळसा. बेदियाकोचं पोट या दोहोंमधल्या फटीवर चालत होतं, आणि ती फट तो स्वतःच्या हाताने मातीने लिंपत असे.

तानो नदीकाठच्या लाकूड-गिरणीच्या मागे त्याची विटांची भट्टी होती. फळ्या कापून उरलेले तुकडे, साली, ढलप्या, मोडके दरवाजे, फुटकी खोकी, जे जे कोणाला नको ते सारपोंग गाडीवाला हातगाडीवरून आणून ओतायचा. बेदियाको ते भट्टीत रचायचा, तोंडाशी आग घालायचा आणि आतल्या लाकडाने धग धरली की लोखंडी दार लावून वाऱ्याला बोटभर वाट ठेवायचा. पुढचं काम धुराकडे बघत बसण्याचं. ते काम तो सरकारी नोकरासारखं निष्ठेने करी, म्हणजे डुलक्या घेत.

आधी पांढरा धूर येतो. लाकडातलं पाणी निघत असतं. मग पिवळा, डोळे चुरचुरवणारा. त्यात डांबर आणि आंबट अर्क असतो. मग निळा, पातळ. शेवटी धूर दिसतच नाही, धुराड्यावरची हवा नुसती थरथरते. तेव्हा सगळी भोकं बुजवायची आणि भट्टी पार गार होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. घाई करून दार उघडलं की वारा आत शिरतो आणि बघता बघता सगळ्याची राख होते. धुराड्याला एक लांब वाकडी नळी जोडली होती. तिच्यात धूर निवून थेंबाथेंबाने पिंपात पडायचा. त्याला लोक धूरपाणी म्हणत. वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासत, पातळ करून वांग्यांवर शिंपडत. वाया काही जात नसे.

"आमच्याकडे माणूस सोडून सगळ्याचं काही ना काही होतं," बेदियाको गिऱ्हाइकांना सांगायचा.

भट्टीपुढच्या झावळ्यांच्या छपराखाली त्याची थोरली बहीण पोकुआ कोळसा विकायला बसायची. ती विधवा, तो बिनलग्नाचा; दोघं एकाच अंगणात राहत. तिची डावी टाच लहानपणापासून जमिनीला टेकत नसे. बसायला तिचं स्वतःचं स्टूल होतं, सेसे नावाच्या झाडाच्या एका ओंडक्यातून कोरलेलं, चंद्रकोरीसारखं वाकलेलं. ती वयात आली तेव्हा आईने दिलेलं. ते ती वाळू आणि लिंबाने घासून घासून हाडासारखं पांढरं ठेवायची, आणि उठली की न चुकता आडवं करायची.

"रिकामं स्टूल उभं ठेवू नये," ती म्हणायची. "कुणीही येऊन बसतं."

"कुणीही म्हणजे कोण?"

"ज्याचे पाय दुखतात तो. गेलेल्यांना काय कमी चालावं लागतं?"

"मग बसू दे की घटकाभर."

"बसू दे काय? बसलेल्या माणसाला ऊठ म्हणता येतं का, मेल्या?"

थोरामोठ्यांची स्टुलं ते गेल्यावर काजळीने काळी करून अंधाऱ्या खोलीत ठेवतात. पांढरं जिवंताचं, काळं गेलेल्याचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बेदियाको त्यावरूनही बहिणीला चिडवायचा. "तुझं मी फुकटात काळं करून देईन ताई. माझ्याकडे काजळीला तोटा नाही."

"तुझ्या तोंडात माती," ती हसून म्हणायची.

पण ते स्टूल आता चिरलं होतं. बसताना फट मांडीला चिमटे काढायची, आणि मागच्या पावसाळ्यात एकदा तर ते कलंडून पोकुआ कोळशाच्या ढिगात पडली होती. बेदियाकोने निळी प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. पोकुआने तिचं कौतुक केलं आणि तिच्यावर वजनकाटा ठेवला.

२

तो शनिवार होता, म्हणजे मयतांचा दिवस. पोकुआ लाल-काळं नेसून पलीकडच्या गावी कुणाच्या तरी क्रियाकर्माला गेली. हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता. आकाश, रस्ता आणि गिरणीचं पत्र्याचं छप्पर सगळं एकाच पांढुरक्या धुळीत विरघळलं होतं, आणि माणसं त्यातून अर्धवट आठवल्यासारखी येत-जात होती.

बेदियाको भट्टी भरत होता. स्टूल छपराखाली आडवं पडलेलं. त्याने ते उचललं, चिरेत बोट घालून पाहिलं.

"ते पण?" सारपोंगने विचारलं.

"लाकूडच आहे."

"पोकुआताई सोलून काढेल तुला."

"पुन्हा पडून कंबर मोडण्यापेक्षा बरं. चार दिवस ओरडेल, पाचव्या दिवशी खुर्चीवर बसेल."

त्याने स्टूल सगळ्या लाकडांच्या वर ठेवलं. आडवं ठेवलं. विश्वास नसला तरी हाताला सवय असतेच.

धूर पांढरा निघाला. हरमॅटनमध्ये लाकूड इतकं वाळलेलं असतं की पांढरा धूर नावापुरता येतो, दुपारच्या जेवणाआधी पिवळा झालेला असतो. बेदियाकोने भाजलेलं केळं खाल्लं, डुलकी काढली, उठला. धूर पांढराच होता. वरच्या धुळीत तो मिसळत होता, त्यामुळे भट्टीचं कुठे संपतं आणि आकाशाचं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

पिंपाकडे पाहिलं तर ते काठोकाठ भरलेलं. धूरपाणी तपकिरी असतं, घशाला खवखवतं. हे स्वच्छ होतं. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी. नुसतं, गार, मातीच्या घागरीतल्यासारखं पाणी.

"ओलं लाकूड भरलंस," सारपोंग म्हणाला.

"या वाऱ्यात ओलं काय उरलंय? तुझं नाक सोडून."

सारपोंगने बाहीला नाक पुसलं. दोघंही थोडा वेळ हसले. मग नळीतून थेंब पडण्याचा आवाज तेवढा राहिला.

३

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पोकुआ अंगणात पाण्याच्या मडक्याशी बसली होती. भोपळ्याची वाटी बुडवायची, प्यायची, पुन्हा बुडवायची. शेजारची बोआतेमा कमरेवर हात ठेवून बघत होती. बोआतेमा पाव भाजायची. तिचा आवाज तिच्या भट्टीपेक्षा तापट होता.

"तुझ्या बहिणीने त्या मयताच्या घरातलं सगळं पाणी संपवलं," ती म्हणाली. "विधवेला रडायलासुद्धा उरलं नाही."

"मासे खारट असतील, मावशी."

"मासे मीही खाल्ले."

पोकुआने वाटी खाली ठेवली. ओठांवर पांढरी भुकटी बसली होती. एवढं पाणी पिऊन तिला घाम नव्हता, की आडोशाला जायची गरज पडली नव्हती. पाणी जात कुठे होतं, हा प्रश्न बेदियाकोच्या मनात आला आणि त्याने तो दारातूनच परतवून लावला.

"आत कोरडं वाटतंय रे," ती म्हणाली. "आतून कुणी वाळत घातल्यासारखं. आणि ऊब वाटते. वाईट नाही वाटत तशी."

"थंडीवाऱ्याने होतं."

"होत असेल. माझं स्टूल आत ठेवलंस ना?"

"भट्टीवरच आहे," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. त्या वाक्याची लायकी तेवढीच होती.

४

रविवारी चर्चमध्ये पाद्र्याच्या प्रवचनातून पोकुआ सारखी उठून पाण्याला जात राहिली. भट्टीतून धूर पांढराच येत होता.

बेदियाको अडाणी नव्हता. त्याने कारणं शोधली. भट्टीखाली झरा फुटला असेल. पण फरशी ठणठणीत कोरडी होती. नळीला भेग पडून वाऱ्यातला ओलावा शिरत असेल; पण वाऱ्यात ओलावा असता तर माणसांचे ओठ कशाला फुटले असते? हाताच्या तळव्याने त्याने विटा चाचपल्या. त्या तापल्या होत्या, पण अंगात ताप असलेल्या माणसाइतक्याच. कान लावला तर आत कडकड नव्हती, तडतड नव्हती. कुणीतरी सावकाश घोट घेत असावं, तसा आवाज होता.

दुपारी अचानक धुराचा शेंडा पिवळा झाला.

"सुटलास!" सारपोंग ओरडला. "झालं एकदाचं पिवळं."

बेदियाकोला आनंद व्हायला हवा होता. तो उठला आणि घराकडे पळत सुटला, आणि आपण का पळतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

अंगणात मडकं पालथं होतं. बोआतेमाने ते घासायला घेतलं होतं. "तळाला गाळ साचला होता, म्हटलं धुऊन देते," ती म्हणाली. "तर तुझी बहीण माझ्या अंगावर आली बघ. पोकुआ! जिने जन्मात मला 'अगं' सोडून काही म्हटलं नाही!"

पोकुआ भिंतीला पाठ लावून उभी होती. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीत बुडवल्यासारखा. श्वासाला कडू, आंबूस वास होता. तो वास बेदियाकोला झोपेतही ओळखता आला असता. त्याच्या सगळ्या कपड्यांना तोच होता.

"काय बघतोस?" ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, घशाला खवखवणारा होता. "आईने मला दिलेलं तुला कधी बघवलं नाही."

त्याने बोआतेमाच्या घरातून घागर आणली. पोकुआ घागरीनेच प्यायली. हळूहळू डोळे निवळले. "काय बोलले रे मी?" तिने विचारलं आणि पदराने तोंड पुसलं.

भट्टीवर परतला तेव्हा सारपोंग डोकं खाजवत होता. "पुन्हा पांढरा! अशी उलटी गेलेली भट्टी मी बापजन्मी पाहिली नाही."

"योगायोग आहे," बेदियाको म्हणाला. हे म्हणताना तो रिकाम्या घागरी गोळा करत होता.

५

त्यानंतर तो पाणी वाहू लागला. नदीवरून घरी, घरून नदीवर. मडकं रिकामं होता कामा नये, एवढंच त्याने डोक्यात ठेवलं होतं. बाकी विचार तो वाटेत सांडून देत होता. धुळीत वाट दिसायची नाही. घागरीचा डुचमळणारा आवाज तेवढा पुढे चालायचा आणि तो त्याच्या मागून.

मग नदी लांब वाटू लागली, आणि पिंप तर भट्टीशीच भरून वाहत होतं. त्याने पिंपातलं पाणी नेलं.

पोकुआने घोट घेतला आणि थांबली. "हे कुठलं?"

"का?"

"ओळखीचं लागतंय."

तिने उरलेली वाटी संपवली. बेदियाको अंगणात उभा राहिला. भट्टीतून पिंपात, पिंपातून मडक्यात, मडक्यातून तिच्यात, आणि तिच्यातून भट्टीत. या फेऱ्यात कुठेही थांबायला जागा नव्हती.

ती हलकी होत चालली होती. बसायची तेव्हा चटई वाजायची नाही. बोलायची ते कमी, पण गोड.

एकदा त्याने धीर केला. दाराच्या कडेची माती खरवडली, कोयत्याचं पातं घालून दार जरासं किलकिलं केलं. स्टूल बाहेर ओढायला किती वेळ लागणार? आतून लाल श्वास आला. वारा शिरला तशी आत कुठेतरी ज्योत उभी राहू लागली. त्याने दार आपटलं आणि ओंजळीओंजळीने चिखल थापला.

तेवढ्यात बोआतेमा धापा टाकत आली. "लवकर चल! पोकुआ एकदम 'भाजलं, भाजलं' म्हणून ओरडली. आता गप्प आहे, पण पदराची कड करपलीय तिच्या. चुलीपाशी गेलीसुद्धा नव्हती!"

मग तिचं लक्ष भट्टीकडे गेलं. "आणि हे काय चाललंय रे तुझं? माझी पावाची भट्टी कोळशावाचून गार पडलीय, अख्खं गाव पावावाचून बसलंय. भट्टी आहे की बाळंतीण? किती दिवस अशी निजून राहणार?"

"होईल, मावशी."

"कधी?"

"व्हायला नको आहे," बेदियाको म्हणाला. तो घराकडे पळत सुटला.

६

एका दुपारी पोकुआ स्वतः भट्टीवर आली. धुळीतून आधी तिची चाल दिसली, डावी टाच वर उचललेली, मग ती. सारपोंगने तिला बसायला निळी खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही.

"जा रे, जरा गिरणीत जाऊन ये," तिने त्याला सांगितलं.

तो गेल्यावर तिने भट्टीच्या विटांवर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आत आहे ना ते?"

बेदियाकोने मान खाली घातली.

"चिरलेलं होतं," ती म्हणाली. "मला काय माहीत नव्हतं? पण माझ्याइतकंच चिरलं होतं."

"ताई, तू पडशील म्हणून मी..."

"ठाऊक आहे. तू माझ्या काळजीपोटीच सगळे गाढवपणे करतोस. लहानपणी माझी बाहुली पण अशीच नदीत धुवायला नेली होतीस."

तो हसला, आणि मग त्याला हसू आवरेना आणि ते हसू राहिलं नाही. तिने त्याचं तोंड पदराने पुसलं. पदराला करपल्याचा वास होता.

"पाणी पी," तो म्हणाला. घागर भरूनच ठेवली होती.

"पुरे झालं पाणी. माझंच मला परत परत पाजतोस. जीभ आहे मला."

"प्यायलीस तर धूर पांढरा राहील. मी पाणी आणीन. मला जमतंय, ताई."

"किती दिवस? आणि मला काय म्हणायचं तोवर? मी जन्मभर कोळसा विकला. अर्धकच्चं लाकूड कधी कुणाच्या पोत्यात घातलं नाही. ते ना लाकूड, ना कोळसा. ज्याच्या चुलीत जातं त्याचे डोळे फोडतं, बस." तिने त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. "तुझे बघ काय झालेत."



"दुखतं का?" त्याने विचारलं.

"नाही रे. रात्री दार लावून, सगळं झाकून आईजवळ निजायचो ना, तसं." मग एकदम कठोर होऊन तिने विचारलं, "आडवंच ठेवलंस ना आत?"

"हो."

"विश्वास नाही म्हणतोस आणि आडवं ठेवतोस. शहाणा." तिने घागरीवरची वाटी उचलली आणि छपराखाली पालथी घातली. "नीट कर आता. घाई करू नकोस. शेवटी शेवटी तू नेहमी घाई करतोस."

ती आली तशी धुळीत विरली. बेदियाकोने घागर खांद्यावर घेतली, तिच्या मागे चार पावलं गेला. मग घागर खाली ठेवली. घागरीला धक्का दिला की ती आपोआप कलंडली, हे त्याने नंतर स्वतःला कधी नक्की सांगितलं नाही. जमिनीने पाणी लगेच पिऊन टाकलं.

धूर पिवळा झाला. तो धुराकडे बघत बसला, आणि या वेळी त्याने डुलकी घेतली नाही. पिवळ्याचा निळा झाला. निळा इतका सुंदर होता की गिरणीतली माणसं बाहेर येऊन बघत राहिली. मग धुराड्यावरची हवा नुसती थरथरू लागली. बेदियाकोने माती कालवली आणि एकेक भोक बुजवलं. एवढं चोख लिंपण त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

७

भट्टी निवेपर्यंत बोआतेमा पोकुआपाशी बसली. बेदियाको दारापर्यंत जायचा. आत भिंतीकडे तोंड करून चटईवर ती पडलेली दिसायची. खोली थंड होती, आणि बाहेर ऊन असूनही तिच्या बाजूला काळोख जरा जास्त होता.

"झोपलीय," बोआतेमा हळू आवाजात सांगायची. तिला हळू आवाज होता हे गावाला त्या दिवसांत कळलं. "हाक मारली की 'हुं' म्हणते. पण ते 'हुं' कसं येतं रे... खणखणीत. काचेवर नख मारल्यासारखं."

चांगला कोळसा तसा वाजतो. बेदियाकोने ते सांगितलं नाही. बोआतेमा बोलता बोलता आपली बोटं लुगड्याला पुसत होती, पुन्हा पुन्हा, आणि त्याने त्या बोटांकडे पाहणं टाळलं.

विटा गार झाल्या. सकाळी वारा पडला होता. कित्येक दिवसांनी गिरणीचं छप्पर छप्परासारखं दिसत होतं. बेदियाकोने माती फोडली, दार ओढलं आणि वाकून आत शिरला.

कोळसा उत्तम उतरला होता. पाय ठेवला की खाली किणकिण वाजत होतं. डोळे अंधाराला सरावले तसं त्याला मागच्या भिंतीशी स्टूल दिसलं.

ते काळं होतं. लाकूड भट्टीत आकसतं, वाकतं, तडकतं. हे इंचभरही आकसलं नव्हतं. चीर भरून आली होती. आणि ते उभं होतं.

सगळ्या कोळशावर मऊ, राखाडी धूळ बसली होती. स्टुलावर मात्र मधोमध नव्हती. तिथे चंद्रकोर स्वच्छ होती, चकचकीत, वर्षानुवर्षं बसून बसून होते तशी. पुढच्या राखेत दोन पावलं उमटली होती. उजवं पूर्ण होतं. डावं फक्त बोटांचं.

"बेदियाको!" बाहेरून बोआतेमाचा आवाज आला, धापा टाकत. "पोकुआ इकडे आलीय का रे? मी चूल पेटवून वळले तर चटई रिकामी! अंगणात नाही, वाटेवर कुणी पाहिली नाही. आलीय का तुझ्याकडे?"

बेदियाकोचा हात सवयीने पुढे गेला होता, स्टूल आडवं करायला. तो स्टुलापासून वीतभर अंतरावर थांबला. तिथे हवा किंचित उबदार होती.

त्याने हात मागे घेतला. आवाज न करता खाली कोळशावर मांडी घातली.

"आलीय, मावशी," तो म्हणाला. "बसलीय."